भारतीय आईची मुलगी आणि इंग्रजीत अकरा?

प्रश्न : मी मूळची अकोल्याची. इंग्रजी घेऊन एम. ए. केलं. लग्नानंतर तैवानमध्ये ताइचुंगला आले, पती तैवानी आहेत. इथे लहान मुलांच्या शिकवणी वर्गात मी इंग्रजी शिकवते. मुलगी अकरावीत आहे, शाळा चिनी माध्यमाची. पुढच्या जानेवारीत तिची विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा आहे. सराव परीक्षेत तिला चिनी विषयात १५ पैकी १४ मिळाले आणि इंग्रजीत फक्त ११, म्हणजे ७३ टक्के. उताऱ्यांवरचे प्रश्न चुकतात. मी रोज रात्री नऊ ते अकरा तिला घेऊन बसते. शब्दांची यादी पाठ करून घेते, इंग्रजी दैनिकांचे अग्रलेख वाचायला लावते, प्रत्येक शब्दावर चिनी अर्थ लिहायला लावते. तरी सुधारणा नाही. माझ्या वर्गातले पालक तिचे गुण विचारतात तेव्हा मान खाली जाते. भारतीय आईची मुलगी आणि इंग्रजीत अकरा? तिने राष्ट्रीय तैवान विद्यापीठात परकीय भाषा विभागात जावं, नाहीतर अमेरिकेला, असं मला वाटतं. तिला वनशास्त्राचं खूळ आहे. माझे बाबा व्हिडिओ कॉलवर तिला इंग्रजीत प्रश्न विचारतात, तर हल्ली ती उठून निघून जाते. पेपरचे फोटो सोबत पाठवते आहे. काय करावं?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात गुण आहेत, तास आहेत, याद्या आहेत, विद्यापीठांची नावं आहेत. मुलगी मात्र शेवटच्या दोन-तीन ओळींत उरकली आहे. मला इंग्रजीतल्या अकराची काळजी वाटली नाही, त्या ओळींची वाटली. सतरा वर्षांची मुलगी आजोबांचा चेहरा पडद्यावर दिसताच उठून जाते, याचा अर्थ तिला घरात कुठेच परीक्षेतून सुटका नाही. दिवसभर शाळा, मग तुमच्यासोबत रात्रीचे दोन तास, आणि अकोल्याहून येणारा मायेचा फोन, तोही तोंडी परीक्षेचा. आजोबांशी ती एरवी मराठीत बोलत असणार. इंग्रजीपायी त्या घरात मराठी बंद पडायला आली आहे. बाबांना आजच स्पष्ट सांगा की नातीला इंग्रजीत एकही प्रश्न विचारायचा नाही. ते सांगण्याचं काम तुमचं आहे, तिच्यावर टाकू नका.

आता मान खाली जाण्याविषयी. तुम्ही इंग्रजी शिकवता, म्हणून तुमच्या मुलीचे गुण ही तुमच्या कामाची पावती, असा हिशोब तुमच्या वर्गातल्या पालकांनी मांडला असेल. तुम्ही तो मान्य केलात, हे मला खटकलं. परक्या देशात स्वतःच्या शिक्षणावर उभं राहिलेल्या बाईला आपली इभ्रत किती जपावी लागते, याची मला कल्पना आहे. पण त्या इभ्रतीचं ओझं मुलीच्या उत्तरपत्रिकेवर ठेवू नका. तिची आई भारतीय आहे, तिची शाळा चिनी माध्यमाची आहे. ती लिहायला-वाचायला शिकली ती आधी बोपोमोफो, म्हणजे उच्चार दाखवणारी चिन्हं, आणि मग पारंपरिक चिनी लिपी. इंग्रजी तिच्या वाट्याला आलं ते परकी भाषा म्हणूनच, तिच्या वर्गातल्या इतर मुलांच्या वाट्याला आलं तसंच. ते रक्तातून येत नाही.

शिवाय अकरा म्हणजे ७३ टक्के हा हिशोबही चुकीचा आहे. त्या परीक्षेत सर्वांत वरच्या एक टक्का मुलांच्या गुणांची सरासरी काढतात, तिला पंधराने भागतात आणि त्या मापाने श्रेणी ठरते. निम्मी मुलं ज्या श्रेणीच्या वर आणि निम्मी खाली असतात, ती श्रेणी अकराच्या बरीच खाली असते. तुमची मुलगी कच्ची नाही. ती एका ठरावीक जागी अडते आहे, आणि ती जागा तुम्ही पाठवलेल्या फोटोंत स्वच्छ दिसते.

शब्दसंग्रहाच्या दहा प्रश्नांपैकी तिचे नऊ बरोबर आहेत. भाषांतरात आठ गुणांपैकी सहा. गुण गेले ते दोन ठिकाणी. उताऱ्यातून काढलेली चार वाक्यं परत जागेवर बसवायची असतात, त्यात आठ गुणांपैकी दोन. आणि उताऱ्यांवरच्या प्रश्नांत चोवीस गुणांपैकी चौदा. ज्या मुलीला शब्द येत नाहीत तिची गुणपत्रिका अशी दिसत नाही. तरीही तुम्ही रोज शब्दच पाठ करून घेता.

हा गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे, तैवानमध्ये आहे तसाच आपल्याकडेही, म्हणून त्यावर थोडं थांबते. शब्द वाढले की वाचन आपोआप सुधारतं, असं धरून चालतात. शब्द लागतात, यात वाद नाही. पण यादीत भेटलेला शब्द आणि वाचताना नजरेला क्षणात ओळखू येणारा शब्द यांत मोठा फरक आहे. यादीतला शब्द आठवावा लागतो. तो आठवण्यात मन गुंतलं की वाक्याची सुरुवात हातातून निसटते. नजरेला सरावलेला शब्द तयार होतो तो सोप्या मजकुरात पुन्हा पुन्हा भेटल्याने. पॉल नेशन यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवलंय की कुणाच्या मदतीशिवाय नीट समजून वाचायचं तर मजकुरातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, म्हणजे शंभरात अनोळखी फार तर दोन. वर्तमानपत्र त्या सहजतेने वाचायला आठ-नऊ हजार शब्दकुळं लागतात, आणि एका कुळात मूळ शब्दासोबत त्याची सगळी रूपं आली. तैवानच्या हायस्कूलची संदर्भ शब्दयादी सुट्या शब्दांची, तीही सुमारे सहा हजारांची. मग अग्रलेख वाचताना तिचं काय होत असेल? त्यातून तो अग्रलेख भारतातल्या राजकारणावर असला, तर त्यातली माणसं, पक्ष, वाद यांतलं काहीच तिच्या परिचयाचं नाही. ज्या विषयाची आधी काहीच माहिती नाही, त्यावरचा मजकूर स्वतःच्या भाषेतही जड जातो. अग्रलेख आजपासून बंद करा. तुम्ही एम. ए.च्या दिवसांत ते वाचून तयार झाला असाल, पण तेव्हा तुमच्या गाठीशी इंग्रजीची कितीतरी वर्षं होती.

आता तिसऱ्या फोटोतलं एक वाक्य पाहू. देवनागरीत लिहिते : ‘द फार्मर हूज फील्ड द फ्लड हॅड टेकन वेंट बॅक टु फिशिंग.’ प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर तिने पेन्सिलीने चिनी अक्षरं लिहिली आहेत. शेतकरी, कोणाचं, शेत, पूर, नेणं, जाणं, मागे, मासेमारी. एकही अर्थ चुकलेला नाही. आणि उत्तर काय निवडलंय? ‘पुरानंतर शेतकऱ्याने शेत परत मिळवलं.’ सगळे शब्द बरोबर, वाक्य पूर्ण चूक.

असं का होतं? चिनीत एखाद्या नामाचं वर्णन कितीही लांब असलं तरी ते सगळं नामाच्या आधी येतं. इंग्रजीत ते नामाच्या मागून येतं आणि कर्ता व क्रियापद यांच्यामध्ये ठाण मांडून बसतं. चिनी वाचनाला सरावलेली नजर ‘फार्मर’पाशी पोचते तेव्हा वर्णन संपलं असं धरून क्रियापद शोधू लागते, आणि जे पहिलं सापडेल ते त्याला जोडून देते. दुसरी अडचण काळाची. चिनी क्रियापदाचं रूप काळानुसार बदलत नाही, काळ कळतो तो वेळ सांगणाऱ्या शब्दांवरून, छोट्या प्रत्ययांवरून आणि संदर्भावरून. त्यामुळे ‘हॅड टेकन’ आधी घडलं आणि ‘वेंट’ नंतर, ही खूण तिच्या नजरेतून सुटते. तिसरी गोष्ट वाक्यं जागेवर बसवण्याच्या प्रश्नाची. चिनीत कर्ता उघड असेल तर तो सरळ गाळतात. इंग्रजी मात्र पावलोपावली ‘इट’, ‘दे’, ‘धिस’, ‘सच’ पेरत जाते, आणि काढलेलं वाक्य कुठलं हे त्या बारीक शब्दांवरूनच ओळखायचं असतं. चिनी माध्यमातल्या मुलांना ते बिनमहत्त्वाचे वाटतात, कारण त्यांच्या डोक्यावर लिहायला काही अर्थच नसतो. तुमच्या मुलीनेही ‘इट’ आणि ‘दिज’ कोरेच सोडले आहेत, पाहा.

इथे तुमच्या घरात एक गोष्ट आहे जी तिच्या वर्गातल्या कुणाकडे नसेल. ‘पुराने शेत नेलेला शेतकरी पुन्हा मासेमारीकडे वळला’ असं आपण मराठीत सहज म्हणतो. ही रचना चिनीसारखी आहे. आणि ‘ज्याचं शेत पुराने नेलं तो शेतकरी’ हीही मराठीच, ती इंग्रजीच्या बरीच जवळ जाते. तिला मराठी येतं. तिच्याकडे दोन्ही बाजूंना पोचणारी भाषा आहे आणि तुम्ही ती वापरतच नाही.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे शब्दाशब्दावर चिनी अर्थ लिहिणं थांबवा. त्यामुळे नजर प्रत्येक शब्दावर अडते आणि वाक्य कधी सलग दिसतच नाही. त्याऐवजी एक परिच्छेद वाचू द्या, पान उलटं ठेवू द्या, आणि काय सांगितलं ते तिला चिनीत किंवा मराठीत स्वतःच्या शब्दांत सांगू द्या. लांब वाक्य आलं की दोनच प्रश्न : कोण, आणि त्याने केलं काय? मधला भाग नंतर. ‘इट’ आला की तो कोण ते विचारा. हे रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतं. उरलेल्या वेळात तिला सोपं वाचू द्या, सोपं म्हणजे खरोखरच सोपं, तुम्हाला तिच्या वयाला शोभत नाही असं वाटेल इतकं. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी पायऱ्यांनी लिहिलेली पुस्तकं तैवानमध्ये सहज मिळतात, बरीचशी ध्वनिमुद्रणासह. ऐकत वाचलं की नजर मागे फिरत नाही. त्या पुस्तकांवर प्रश्न विचारायचे नाहीत, चाचणी घ्यायची नाही. तैवानच्या वेळापत्रकात आणखी एका शिकवणी वर्गाला जागा आहे असं तुम्हाला कुणी सांगेल. लावू नका.

आणि हे वीस मिनिटांचं कामही शक्यतो तुम्ही करू नका. तुम्ही उत्तम शिक्षिका असाल, पण या मुलीच्या बाबतीत आता शिक्षिका आली की आई निघून जाते. शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना भेटा, फोटो दाखवा, मी लिहिलंय ते त्यांच्याशी बोला. रात्री नऊ ते अकरा घर तिला परत द्या.

तिला नीट वाचता येतं की नाही, ही शंका मनातून काढून टाका. चिनी विषयात चौदा मिळवणारी मुलगी लेखकाचा हेतू ओळखते, न लिहिलेलं समजून घेते. तैवानची पंधरा वर्षांची मुलं पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत २०२२ मध्ये आपल्या भाषेतल्या वाचनात ५१५ गुणांवर होती, ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेची सरासरी ४७६. वाचनाची समज तिच्याकडे आहे. ती इंग्रजीत उतरायला ओळखीची वाक्यरचना हवी, भरपूर सोपा मजकूर हवा आणि आवडीचा विषय हवा.

विषय तर तुम्हीच पत्रात लिहिला आहे आणि त्याला खूळ म्हटलं आहे. तैवानची सुमारे ६० टक्के जमीन जंगलाखाली आहे. समुद्रसपाटीच्या जवळच्या दमट जंगलापासून तीन हजार मीटरवरच्या सूचिपर्णी वनांपर्यंत सगळं त्या एका लहान बेटावर. तिथे वाढलेल्या मुलीला वनशास्त्र शिकावंसं वाटलं तर ती आजूबाजूला डोळे उघडे ठेवून बघते आहे. तुमच्या ताइचुंगमध्येच राष्ट्रीय चुंग शिंग विद्यापीठात वनशास्त्र विभाग आहे, नान्तौमधलं हुइसुन वनक्षेत्र त्यांचंच. तुम्हाला नाव हवं आहे त्या राष्ट्रीय तैवान विद्यापीठातही वनविभाग आहे आणि शितौचं जंगल त्यांच्या ताब्यात आहे. झाडांवर, पक्ष्यांवर, डोंगर खचण्यावर लिहिलेलं सोपं इंग्रजी तिच्या हातात द्या. हूज आणि विच असलेली वाक्यं तिथेही भेटतील, पण ती वाचून पुढे काय झालं हे तिला जाणून घ्यायचं असेल. शोधनिबंध, झाडं ओळखायची पुस्तकं, हवामानाचे अहवाल, त्या क्षेत्रातलं बरंच वाचन इंग्रजीतच असतं. म्हणजे तुम्ही ज्या इंग्रजीसाठी झटता आहात ते तिला तिथेच खऱ्या अर्थाने लागणार आहे. परकीय भाषा विभागात तिला पाठवायचं ते कुणासाठी, याचं प्रामाणिक उत्तर आधी स्वतःला द्या. आणि अमेरिकेचा विषय ती स्वतः काढेपर्यंत काढू नका.

प्रवेशाचे मार्ग तुम्हाला ठाऊक आहेतच : शाळेच्या शिफारशीचा, वैयक्तिक अर्जाचा आणि जुलैच्या विषयवार परीक्षेनंतरचा. लक्षात ठेवायचं ते एवढंच की जुलैच्या परीक्षेत इंग्रजीचा पेपर नसतो, म्हणून जानेवारीचाच पेपर मोजला जातो, आणि वैयक्तिक अर्जात कोणत्या विषयांचे गुण धरायचे हे प्रत्येक विभाग स्वतः ठरवतो. तिला आवडलेल्या विभागांच्या अटी तिलाच शोधू द्या. वैयक्तिक अर्जात सहा विभाग निवडता येतात. ती यादी तिने लिहावी, तुम्ही वाचावी, आणि परकीय भाषा विभाग त्यात नसला तर तो घालायला सांगू नये.