आरव्हीत इन्व्हर्टरवर काय चालतं आणि शोअर पॉवर लावल्यावर इन्व्हर्टरचं काय करायचं?

तुम्ही विचारलंय की सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, आरव्हीचाच एक प्रकार) घेतलाय, 30 अँपचा आहे, आधीच्या मालकाने त्यात 2000 वॅटचा इन्व्हर्टर आणि 100 अँप-अवरच्या दोन लिथियम बॅटऱ्या टाकल्यात, तर एसी, मायक्रोवेव्ह, फ्रीज, इन्स्टंट पॉट यातलं काय काय इन्व्हर्टरवर चालेल, आणि कॅम्पग्राउंडवर शोअर पॉवर (म्हणजे बाहेरून केबलने येणारी वीज) लावली की इन्व्हर्टर बंद करायचा का चालू ठेवायचा. आम्ही इथे अमेरिकेत सहा वर्षं ट्रेलर घेऊन फिरतोय, यातल्या बऱ्याच गोष्टी स्वतः करून कळल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी 2000 वॅट या आकड्याबद्दल. तो फक्त एका वेळी किती खेचता येईल ते सांगतो, किती वेळ चालेल ते बॅटरीवर आहे. गावाकडे गच्चीवर टाकी असते ना, तसंच, तोटी कितीही मोठी बसवा, टाकीत आहे तेवढंच पाणी येणार, आणि शोअर पॉवर म्हणजे नळाला 24 तास पाणी. (बोटी धक्क्याला लागल्या की किनाऱ्यावरून वीज घ्यायच्या, त्यावरून हा शब्द आलाय.) तुमच्या दोन बॅटऱ्या मिळून साधारण 2560 वॅट-अवर, इन्व्हर्टरमध्ये दहा-पंधरा टक्के उष्णतेत जातात, म्हणजे हातात 2200 धरा.

आता हिशोब सोपा आहे. मायक्रोवेव्हवर 1000 वॅट लिहिलेलं असतं पण तो भिंतीतून 1500 च्या आसपास घेतो, तरी पाच मिनिटं लावला तर सव्वाशे वॅट-अवर, बिनधास्त लावा. इन्स्टंट पॉट 1000 वॅटचा, पण प्रेशर येईपर्यंतच पूर्ण खेचतो, नंतर मधेमधे. आमचा वरणभात तीनशे वॅट-अवरच्या आत होतो. चहाची केटल, लॅपटॉप, फोन, सगळं चालतं. फक्त केटल आणि मायक्रोवेव्ह एकदम नको, इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन बंद पडेल. छतावरचा एसी मात्र विसरा. 13,500 बीटीयूचा एसी चालू असताना 1500 वॅटच्या आसपास घेतो आणि कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट, सॉफ्ट स्टार्ट (सुरू होतानाचा हा झटका कमी करणारं उपकरण) बसवून तो सुरू झाला तरी दीड तासात बॅटऱ्या रिकाम्या.

मिक्सर भारतातून आणलेला 230 व्होल्टचा असेल तर तो नेऊच नका, इथे इन्व्हर्टर आणि शोअर दोन्हीकडे 120 व्होल्ट मिळतात. इथला मिक्सर चालतो, पण इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह आहे ना ते लेबलवर बघून घ्या. मॉडिफाइड साइन वेव्हवर मोटर घरघर करते आणि तापते.

फ्रीज कोणता आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये. जुन्या ट्रेलरमध्ये बहुधा गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा अ‍ॅबसॉर्प्शन फ्रीज असतो. त्याला ऑटो मोड असतो आणि 120 व्होल्ट दिसले की तो आपोआप विजेवर जातो, ते शोअरचे आहेत का तुमच्याच बॅटरीचे हे त्याला कळत नाही. विजेवर तो तीनशे-चारशे वॅट घेतो, तेही जवळजवळ अखंड, म्हणजे एका रात्रीत सगळा साठा संपतो. हुकअप (शोअर पॉवर जोडायची सोय) नसेल तेव्हा तो हाताने गॅसवर टाका. गिझरचं इलेक्ट्रिक एलिमेंटही बंद, ते एकटंच 1400 वॅटचं असतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, तो इन्व्हर्टर कसा जोडलाय यावर आहे. त्यात ट्रान्सफर स्विच, म्हणजे शोअर आणि इन्व्हर्टर यातलं एकच ट्रेलरला जोडणारा स्विच, असेल (इन्व्हर्टर-चार्जरमध्ये आतच असतो) तर तुम्हाला काही करावं लागत नाही, शोअर आली की तो स्वतःच बाजूला होतो आणि उलट बॅटऱ्या चार्ज करायला लागतो. इन्व्हर्टरची दोन-तीन वेगळी सॉकेटं असतील, ट्रेलरच्या ब्रेकर पॅनलशी संबंधच नसेल, तरीही धोका नाही, शोअर असताना तो बंद ठेवला की झालं. पण काही लोक काय करतात, ट्रेलरची शोअरची केबलच अडॅप्टर लावून इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये खुपसतात. सगळी सॉकेटं चालू होतात खरी, पण त्याबरोबर कन्व्हर्टरही चालू होतो, म्हणजे ज्याचं काम 120 व्होल्टवरून बॅटरी चार्ज करायचं. मग बॅटरी इन्व्हर्टरला देते, इन्व्हर्टर कन्व्हर्टरला, कन्व्हर्टर परत बॅटरीला, आणि प्रत्येक फेरीत थोडं थोडं जळत जातं. तुमच्याकडे असं असेल तर इन्व्हर्टर लावताना कन्व्हर्टरचा ब्रेकर पाडायचाच. आणि इन्व्हर्टरचं आउटपुट स्विचशिवाय सरळ पॅनलला जोडलेलं आढळलं तर शोअर अजिबात लावू नका, दोन्ही एकमेकांवर आले की इन्व्हर्टर जळतो आणि आगही लागू शकते. आधी इलेक्ट्रिशियनकडून नीट करून घ्या.

तपासायला सोपं आहे. घरीच, शोअर काढलेली, ट्रेलरमधलं सगळं बंद, फक्त इन्व्हर्टर चालू करा आणि बॅटरी मॉनिटरवर बघा. नुसत्या इन्व्हर्टरला एक-दोन अँप लागतात. त्याहून बरंच जास्त जाताना दिसलं तर कन्व्हर्टर, फ्रीज नाहीतर गिझर गुपचूप खातोय. (हे एक-दोन अँपही रात्रभर कशाला घालवायचे, आम्ही झोपताना इन्व्हर्टर बंद करतो.) लगेहाथ बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची केबलही बघा. 2000 वॅटला 12 व्होल्टच्या बाजूने पावणेदोनशे अँप वाहतात, केबल बोटाएवढी जाड हवी आणि बॅटरीला लागूनच फ्यूज हवा.

शोअरवर गेलात म्हणून सगळं एकदम लावता येतं असंही नाही. 30 अँप गुणिले 120, म्हणजे 3600 वॅट. एसी 13 अँप, गिझर 12, कन्व्हर्टर चार-पाच, त्यात कोणी मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडलाच. आमच्याकडे पाळी ठरलीये, स्वयंपाक करताना गिझर गॅसवर. पेडेस्टलला (कॅम्पग्राउंडवरच्या विजेच्या खांबाला) जोडताना आधी तिथला ब्रेकर बंद, मग प्लग, मग ब्रेकर चालू. सर्ज प्रोटेक्टर कमी व्होल्टेजला तोडणारा घ्या, जुलैच्या संध्याकाळी सगळ्यांचे एसी लागले की व्होल्टेज 104 च्या खाली जातं आणि त्यात कॉम्प्रेसर जातो.

एक गोष्ट मला मनापासून सांगायचीये. आम्ही गणपतीला न्यू जर्सीत मित्राकडे गेलो होतो, ट्रेलर त्याच्या ड्राइव्हवेत, आणि गॅरेजच्या साध्या 15 अँपच्या सॉकेटमधून पातळ नारिंगी एक्स्टेंशन ओढून एसी लावला. आरतीला सगळे आत. ताट घेऊन बाहेर आलो तर प्लास्टिक तापल्यासारखा वास, प्लगला हात लावला तर चटका बसला, एक पातं तपकिरी पडलेलं आणि भोवतीचं रबर मऊ झालेलं. ब्रेकर पडलाच नव्हता, त्याच्या दृष्टीने 13 अँप ठीकच होते, केबलला ते झेपत नव्हते. आत माझी मुलगी झोपलेली होती. तेव्हापासून कोणाच्या घरी फक्त जाड 10 गेजची केबल, तीही बॅटरी चार्ज करायला, एसी नाही. घरी 30 अँपचं सॉकेट बसवून घेणार असाल तर इलेक्ट्रिशियनला टीटी-30 (ट्रेलरसाठीच्या सॉकेटचा प्रकार), 120 व्होल्ट असं कागदावर लिहून द्या. ते ड्रायरच्या सॉकेटसारखं दिसतं, म्हणून बरेच जण 240 व्होल्ट जोडून मोकळे होतात आणि पहिल्याच दिवशी ट्रेलरमधली उपकरणं जळतात. त्याचं काम झालं की प्लग लावायच्या आधी स्वतः मल्टिमीटर घेऊन मोजा.

योसेमिटीला जाणार असाल तर तिथल्या पार्कच्या कॅम्पग्राउंड्सवर कुठेच हुकअप नाही, यलोस्टोनमध्येही फक्त फिशिंग ब्रिजला आहे, त्यामुळे वरची ती घरची तपासणी निघायच्या आठवडाभर आधीच करा. कन्व्हर्टरचा मॉडेल नंबरही बघून ठेवा. जुना असेल तर लेड-अ‍ॅसिडसाठी बनवलेला असतो, 13.6 व्होल्टच्या आसपास थांबतो, आणि रात्रभर शोअर लावूनही तुमच्या लिथियम बॅटऱ्या पूर्ण भरतीलच असं नाही. नंबर इथे कमेंटमध्ये टाकलात तर बघून सांगतो.