सूड तीन ओळींत उरक

प्रिय,

पटकथा वाचली. निम्मी पानं तुझा नायक बापाच्या खुनावर बोलतो आहे. ती काढून टाक. ‘माझ्या बापाला यानं मारलं’ एवढं कळलं की प्रेक्षक तुझ्या बाजूला आलाच. पुढे त्याला एकच कुतूहल असतं, हा पोरगा त्या माणसाला हरवणार कसा?

तुझी गोष्ट लंगडते ती इथे. तुझा खलनायक नुसता ओरडतो. त्याला हरवणं अवघड का आहे, ते दिसतच नाही.

१९७६चा हाँगकाँगचा ‘सीक्रेट रायव्हल्स’ शोधून बघ. शॉ ब्रदर्स या तिथल्या बड्या स्टुडिओकडे क्लिअरवॉटर बे इथे अख्खी चित्रनगरी होती, उभे सेट होते, पगारी नट होते. एन्ग सी-युएनसारख्या स्वतंत्र निर्मात्याकडे ती चैन नव्हती. त्यानं दक्षिण कोरियात जाऊन हा सिनेमा केला आणि खलनायक म्हणून उभा केला हवांग जांग-ली, तायक्वांदोत मुरलेला माणूस. त्याच्या लाथा बघितल्यास की नायकाची काळजी आपोआप वाटायला लागते. एका नायकाला आईबापाच्या खुनाचा बदला हवा आहे, दुसरा वेगळ्याच कामावर आला आहे. या दोघांपैकी वांग ताओचे हात चालतात, जॉन लिऊचे पाय. दक्षिणेची मूठ, उत्तरेची लाथ ही चिनी कुंग-फूतली जुनी वाटणी. एकटा कुणीच पुरा पडत नाही, म्हणून शेवटी दोघांना एकत्र यावं लागतं. कथा कागदाइतकी पातळ आहे, संवाद विसरण्यासारखे. तरी शेवटची फाईट धरून ठेवते, कारण तिथे एक कोडं सुटत असतं. तुझ्या खलनायकालाही असं एक कोडं दे. पहिल्या मारामारीत नायकाला त्यात सपशेल हरू दे.

आता शूटिंगचं. पैसे कमी आहेत म्हणून कॅमेरा हलवून, कट मारून फाईट लपवायचा मोह होईल. करू नकोस. डोक्यापासून पायापर्यंत माणूस फ्रेममध्ये ठेव. अख्खी फाईट चार बाजूंनी घेत बसू नकोस. चार-पाच चालींचा तुकडा बसव, घे, मग कॅमेरा हलव. प्रत्येक झटापटीनंतर क्षणभर थांब, नाहीतर नुसती धांदल दिसते. मार खाणारा चांगला हवा. ठोसा खरा वाटतो तो त्याच्या पडण्यामुळे, त्यामुळे गाद्यांवर आणि पडणाऱ्या माणसावर आधी खर्च कर, कपड्यांवर नंतर.

हाँगकाँगच्या त्या सिनेमांत आवाज बहुधा नंतरच भरत. तूही लोकेशनच्या आवाजापायी टेक वाया घालवू नकोस. कॅमेरा जरा हळू, सेकंदाला नेहमीच्या २४ऐवजी २२ फ्रेमच्या आसपास चालवायची त्यांची युक्तीही घे, म्हणजे पडद्यावर मारामारी जरा वेगवान दिसते. आज एडिटिंगला आठ-नऊ टक्के वेग वाढवला की काम होतं. त्याहून फार वर गेलास की पात्रं मूकपटातल्यासारखी तुरुतुरु पळतात (आणि खरं सांगू, ते बघायला मजा येते, पण तुला ते नको आहे).

तीन लोकेशनं लिहिली आहेस, एक ठेव. वाचलेले दिवस शेवटच्या फाईटीला दे.

नवा मसुदा इतक्यात पाठवू नकोस. आधी खलनायकाची पहिली मारामारी मोबाईलवर, गच्चीवर, साध्या कपड्यांत काढून पाठव. संवादांचं नंतर बघू.

तुझा,
काका