चार दिवसांत नापा-सोनोमा: एकाला वाईन हवी, एकाला डोंगर. कसं जमवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरच्या अखेरीस चार दिवस मोकळे आहेत, सॅन फ्रान्सिस्कोहून गाडीने नापा आणि सोनोमा या कॅलिफोर्नियातल्या वाईनच्या भागात जायचं आहे. तुम्हाला वाईनची आवड आहे. नवरा थेंबभरही घेत नाहीत, पण झाडं, डोंगर, समुद्र म्हटलं की त्यांना दुसरं काही सुचत नाही. दोघांचीही सुट्टी होईल असं काही जमेल, की त्यांना प्रत्येक वायनरीच्या पार्किंगमध्ये बसून राहावं लागेल?

जमेल, आणि छान जमेल. मी हा भाग दोनदा ताईबरोबर फिरलोय आणि ताई वाईनला हातही लावत नाही. पहिल्या वेळी मी एका दिवसात पाच वायनऱ्या ठरवल्या होत्या. तिसरीनंतर माझी जीभच बधिर झाली. कुठली वाईन कुठली, काही कळेना. ताई बाहेर बाकावर बसून फोन बघत होती. ते बघून मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या वेळी नियम केला: सकाळ निसर्गाची, दुपारी एक किंवा फार तर दोन वायनऱ्या. त्या फेरीत ताईच मला म्हणत होती, चल, उशीर होतोय.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण माझा सगळा बेत तिच्यावर उभा आहे. तिथे फिरायचं तर धुक्याच्या मागोमाग फिरा. कॅलिफोर्नियाच्या या किनाऱ्यालगतचं समुद्राचं पाणी भर उन्हाळ्यातही गार असतं. आतल्या दऱ्या दिवसभर तापतात, तिथली गरम हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार, दमट हवा डोंगरांतल्या खिंडींतून आणि नदीच्या पात्रातून आत ओढली जाते. संध्याकाळी धुकं आत येतं, सकाळी उशिरा विरतं. याच धुक्यावर रेडवुडची उंचच उंच झाडं उन्हाळा काढतात. कुठे पिनो नुआर लावायची आणि कुठे कॅबर्ने (दोन्ही लाल वाईनच्या द्राक्षांच्या जाती), हेही बऱ्याच अंशी तेच ठरवतं. म्हणजे तुमची आवड आणि त्यांची आवड एकाच कारणाने तिथे आहे. हे एकदा लक्षात आलं की वायनरी आणि जंगल अशी वाटणी करावीशीच वाटत नाही.

म्हणून बहुतेक लोक करतात तसं आधी नापाला जाऊ नका. समुद्रापासून सुरुवात करा.

पहिल्या दिवशी गोल्डन गेट पूल ओलांडून पेटालुमापर्यंत या आणि तिथून पश्चिमेला बोडेगा बेकडे वळा. वाटेत डोंगर एकदम बुटके होतात. ही पेटालुमा गॅप, वारा आत शिरायची वाट. बोडेगा हेडच्या कड्यावर जाड जॅकेट घालूनच उतरा. सॅन अँड्रियास भ्रंश, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या दोन प्लेटांमधली भेग, इथूनच जातो. तुम्ही उभे असता तो ग्रॅनाइटचा कडा पॅसिफिक प्लेटवर आहे आणि मागे दिसणारे डोंगर उत्तर अमेरिकन प्लेटवर. याच जागी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अणुवीज केंद्रासाठी खड्डा खणला होता. लोकांनी जोरदार विरोध केला, भूगर्भशास्त्रज्ञांनी भ्रंशाकडे बोट दाखवलं आणि १९६४ मध्ये तो बेत सोडावा लागला. खड्ड्यात आता पाणी साठलंय, त्यात पक्षी येतात. तुमच्या यजमानांना ही जागा नक्की दाखवा. करडे देवमासे मात्र सप्टेंबरात दिसायचे नाहीत, त्यांचा मोसम साधारण डिसेंबर ते एप्रिल.

तिथून हायवे १ ने उत्तरेला जेनरपर्यंत जा. रशियन नदी जिथे समुद्राला मिळते तिथे वाळूच्या पट्ट्यावर सील पसरलेले असतात. पन्नासेक मीटर लांबूनच बघा, दुर्बीण न्या. आणि गोट रॉकच्या किनाऱ्यावर पाण्याकडे पाठ करून उभं राहू नका. तिथे शांत समुद्रातून अचानक एखादी मोठी लाट फार वरपर्यंत येते आणि माणसं ओढली गेली आहेत. या पट्ट्यात फोनला रेंज नसते असे बरेच तुकडे लागतात, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून ठेवा. मुक्काम नदीकाठी गर्नव्हिलच्या आसपास करा, जेनरपासून वीसेक किलोमीटरवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आर्मस्ट्राँग रेडवुड्स या राखीव वनात जा. गर्नव्हिलपासून जेमतेम तीन किलोमीटर. इथे सगळ्यात जुनं झाड १४०० वर्षांहून अधिक वयाचं मानतात आणि सगळ्यात उंच झाड ३१० फुटांच्या वर आहे. आकडे ऐकून काही कळत नाही, तिथे उभं राहिल्यावर मान दुखते तेव्हा कळतं. आम्ही आठच्या सुमारास आत शिरलो तेव्हा बाहेरचा रस्ता कोरडा ठणठणीत होता. कित्येक महिन्यांत पाऊस नव्हता. आत मात्र टप्, टप् आवाज येत होता. ताईने हात पुढे केला, तळव्यावर थेंब पडला. आभाळातून पडतच नव्हतं काही. वर शेंड्यांच्या सुयांवर धुकं अडकत होतं, त्याचं पाणी होऊन खाली ठिबकत होतं आणि झाड आपल्याच मुळांना पाणी घालत होतं. मुळंही फार खोल नसतात, आडवी पसरून शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंतलेली असतात. त्यामुळे हे वरून पडणारं पाणी त्यांना लगेच मिळतं. ताई तिथे पंधरा मिनिटं एका जागी उभी होती.

काही खोडांवर जळल्याच्या काळ्या खुणा दिसतील. रेडवुडची साल फूटभर जाड असू शकते, म्हणून जुनी झाडं आगीतून निभावतात. २०२० ची मोठी आग या राखीव वनात शिरली होती, पण मुख्य राई वाचली.

दुपारी रशियन रिव्हर व्हॅलीतली पिनो नुआर चाखा. पिनोची साल पातळ, फार उन्हात तिचं नुकसान होतं. गार रात्रींमुळे द्राक्ष सावकाश पिकतं आणि आंबटपणा टिकतो. सकाळी ज्या धुक्याचे थेंब तळव्यावर घेतले, त्याचीच करामत दुपारी ग्लासात. जवळच कॉर्बेल वायनरी आहे, १८८२ पासूनची, फसफसणाऱ्या वाईनसाठी नावाजलेली. तिथली जमीन पूर्वी रेडवुडचं जंगल होती. हे ऐकून ताई जरा गप्प झाली होती.

आता तुमच्या तारखांबद्दल. सप्टेंबरची अखेर म्हणजे काढणीचा ऐन मोसम, तिथे त्याला क्रश म्हणतात. गर्दी असते, खोल्या महाग असतात, तरी मी हाच काळ निवडेन, आणि खास करून न पिणाऱ्या माणसासाठी. चाखण्याच्या खोलीत त्याला करण्यासारखं काही नसतं, पण या दिवसांत खरी मजा मागच्या अंगणात असते. घडांनी भरलेली खोकी येतात, देठ वेगळे होतात, टाक्यांत रस आंबत असतो आणि त्याचा गोड-आंबट वास रस्त्यापर्यंत येतो. एका छोट्या वायनरीत तिथल्या माणसाने ताईला वेलीवरचा एक मणी तोडून दिला. (विचारल्याशिवाय तोडू नका, ते त्यांचं वर्षाचं पीक असतं.) मणी एवढासा, जाड सालीचा, बियांनी भरलेला. काढणीच्या वेळी रसात जवळजवळ चौथा हिस्सा साखर असते, म्हणजे आपण खातो त्या द्राक्षापेक्षा कितीतरी गोड. तो माणूस म्हणाला, आता फक्त साल चावा. ताईने चावली आणि जांभूळ खाल्ल्यावर होतो तसा तिचा चेहरा झाला, तुरटपणाने तोंड आवळलं. मग त्याने दुसरा मणी बोटांत चिरडून दाखवला. काळ्या द्राक्षाचा रस पाण्यासारखा नितळ! रंग आणि तुरटपणा दोन्ही सालीत. लाल वाईन लाल होते ती रस सालीबरोबर आंबवतात म्हणून. थेंबही न घेता ताईला त्या पाच मिनिटांत जे कळलं, ते मला कित्येक वर्षं पिऊनही कळलं नव्हतं.

म्हणून बुकिंग करतानाच सांगा: दोघं येतोय, एकच जण चाखणार, दुसऱ्यांना बाग आणि तळघर बघायचं आहे. टूरवाली भेट घ्या, नुसतं टेबलावरचं चाखणं नको. नापात बहुतेक ठिकाणी आधी वेळ घ्यावी लागते, शनिवार टाळलात तर बरं. एका ठिकाणी तास-दीड तास धरा. पैसे ठिकठिकाणी वेगळे, काही जण बाटल्या घेतल्यावर ते माफ करतात. गाडी यजमानांच्या हाती राहील, हे सगळ्यात उत्तम. तरीही तुम्ही चाखलेली वाईन थुंकायच्या भांड्याचा संकोच करू नका. ते त्यासाठीच ठेवलेलं असतं, आणि तिसऱ्या ग्लासाची चव कळायला हवी असेल तर त्याला पर्याय नाही.

तिसऱ्या दिवशी डोंगर ओलांडून नापाकडे. गर्नव्हिलहून रिव्हर रोडने निघा आणि हायवे १०१ ओलांडून तसेच पुढे जा. रस्ता नावं बदलत मायाकामस डोंगरातून थेट कॅलिस्टोगाला उतरतो. २०१७ च्या ऑक्टोबरात टब्स नावाची आग रातोरात याच पट्ट्यातून कॅलिस्टोगाकडून सँटा रोझावर गेली. २२ माणसं गेली, पाच हजारांवर इमारती जळाल्या. जळके बुंधे आणि त्यांच्याखालचं नवं हिरवं, दोन्ही शेजारीशेजारी दिसतं. शरद ऋतूत तिथे कोरडे वारे सुटतात, तेव्हा निघायच्या आदल्या आठवड्यापासून आगीच्या आणि हवेच्या बातम्या रोज बघा आणि रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या.

कॅलिस्टोगाच्या थोडं अलीकडे पेट्रिफाइड फॉरेस्ट, म्हणजे दगड झालेलं जंगल लागतं. जागा खासगी आहे, तिकीट आहे, आणि वरवर बघणाऱ्याला 'दगड तर आहेत' असं वाटेल. मला विचाराल तर या सहलीतली ही सगळ्यात महत्त्वाची जागा. सुमारे ३४ लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा स्फोट झाला, रेडवुडची झाडं आडवी झाली आणि राखेखाली गाडली गेली. राखेतली सिलिका पाण्यात विरघळून लाकडात मुरली आणि लाकडाची जागा कणाकणाने दगडाने घेतली. रेषा, गाठी, सालीच्या भेगा, सगळं जसंच्या तसं. हात लावला की गार दगड लागतो. आदल्या दिवशी जिवंत रेडवुडखाली उभं राहून आल्यावरच याचा अर्थ लागतो, म्हणून हा क्रम उलटा करू नका. आणि त्या काळातली राख नि लाव्हा म्हणजेच नापाच्या कित्येक बागांखालची जमीन. कॅलिस्टोगातले गरम झरे आणि चिखलस्नान हीदेखील जमिनीच्या पोटातल्या उष्णतेची देणगी. संध्याकाळ तिथे घालवा.

चौथ्या दिवशी सकाळी वाटा वेगळ्या केल्या तरी चालेल. बोथ-नापा व्हॅली पार्कमध्ये त्यांना डोंगरवाटा मिळतील, आणि तिथून चालत जाता येईल अशी १८४६ ची पाणचक्की आहे, ३६ फुटी चाकाची. तुम्ही तेवढ्यात शातो माँतेलेनाला जाऊन या. १९७६ मध्ये पॅरिसला फ्रेंच परीक्षकांनी नावं झाकून वाईन चाखल्या, तेव्हा पांढऱ्यांत याच वायनरीची १९७३ ची शार्दोने पहिली आली आणि लालमध्ये स्टॅग्ज लीप वाईन सेलर्सची कॅबर्ने. नापाचं नाव जगात झालं ते त्या दिवसानंतर.

परतताना हायवे २९ सोडून सिल्व्हराडो ट्रेल घ्या. तोही दरीतूनच जातो, पण शांत. दोन्ही बाजूंना ओळीच ओळी दिसतात, इमारती जवळजवळ नाहीत. एवढ्या मोठ्या शहरापासून तासा-दीड तासावर हे टिकलं, कारण १९६८ मध्ये नापा काउंटीने दरीतली जमीन शेतीसाठी राखून ठेवली आणि तुकडे पाडून विकण्यावर बंधन घातलं. तेव्हा यावरून गावात मोठी भांडणं झाली. ज्यांनी तो ठराव लावून धरला त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

बाटल्या घेतल्यात तर गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, माझ्या दोन बाटल्यांची बुचं अशीच वर आली होती. थर्माकोलची पेटी आणि बर्फ बरोबर असू द्या.

शेवटचा थांबा दक्षिणेला कार्नेरोसमध्ये. नापा आणि सोनोमा दोन्हींत पसरलेला हा भाग सॅन पाब्लो खाडीला लागून आहे, त्यामुळे वरच्या कॅलिस्टोगापेक्षा इथे गार. उत्तरेला जाल तसं गरम होत जातं, हे नापात पहिल्यांदा कोणाला खरं वाटत नाही. तुम्ही आत शार्दोनेचा एक ग्लास घ्या, त्यांना ओळींच्या टोकाशी उभं राहू द्या. दुपार कलली की खाडीवरून वारा सुटतो. बोडेगा हेडला घातलेलं जॅकेट तीन दिवस गाडीत मागे पडून होतं, ते ताईने तिथे परत अंगात घातलं.