शरीराला अनावश्यक, पेशीला अत्यावश्यक

प्रश्न : ग्लुटामिन आणि टायरोसिन ही अमिनो आम्ले शरीर स्वतः तयार करते, म्हणून आमच्या पाठ्यपुस्तकात ती ‘अनावश्यक’ गटात दिली आहेत. पेशीसंवर्धनाच्या, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याच्या, माध्यमात (पोषक द्रावणात) मात्र ती मुद्दाम घालतात. असे का? आणि माध्यमात नेमके काय हवे, हे ठरवले कसे?
– जीवशास्त्राची एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : पाठ्यपुस्तकातील वर्गवारी संपूर्ण शरीराच्या आहाराचा विचार करून केलेली आहे, एकट्या पेशीला ती लागू पडत नाही. फेनिलअ‍ॅलनिनपासून टायरोसिन बनवणारे विकर (एन्झाइम) मुख्यतः यकृतात असते आणि तेथे तयार झालेले टायरोसिन रक्तावाटे इतर पेशींना मिळते. बाटलीत वाढणाऱ्या पेशीला असे यकृत नसते.

हे प्रयोगाने दाखवून दिले ते अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील हॅरी ईगल यांनी. त्यांच्या आधी पेशी लसिका, रक्तद्रव किंवा भ्रूणाचा अर्क यांवर वाढवल्या जात. १९५० साली टोरांटोमध्ये तयार झालेल्या ‘माध्यम १९९’मध्ये उपयोगी पडू शकतील असे साठाहून अधिक घटक एकत्र केलेले होते, त्यांतला कोणता खरोखर लागतो, हे मात्र त्यावरून कळत नव्हते. ईगल यांनी उलट वाट धरली. रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातील, म्हणजे सीरममधील, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे यांसारखे लहान रेणू त्यांनी अपोहनाने (सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून वेगळे करून) काढून टाकले, उरलेली प्रथिने थोड्या प्रमाणात ठेवली, आणि मग ज्ञात रसायनांच्या मिश्रणातून एका वेळी एकच घटक वगळून उंदराच्या एल पेशी व मानवी हेला पेशी (प्रयोगशाळेत सतत वाढवले जाणारे दोन पेशीवंश) जगतात की मरतात ते पाहिले. १९५५ साली त्यांनी जाहीर केलेल्या यादीत १३ अमिनो आम्ले होती : आहारात आवश्यक मानली जाणारी ९, आणि त्यांखेरीज आर्जिनिन, सिस्टिन, टायरोसिन व ग्लुटामिन. १९५९ च्या त्यांच्या ‘किमान आवश्यक माध्यमा’चा पाया हाच आहे. वगळून पाहण्याची ही साधी, कठोर शिस्त मला या विषयातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

या चारांत ग्लुटामिनची गरज सर्वांत मोठी आहे. ईगल यांच्या माध्यमात ते लिटरला २९२ मिलिग्रॅम असते, कारण प्रथिनांपुरतेच ते लागत नाही. डीएनएतील प्युरिन व पिरिमिडिन हे घटक घडवण्यासाठी लागणारा नायट्रोजन त्यातून येतो आणि ऊर्जेसाठीही पेशी ते वापरते. शरीरात स्नायू ते रक्तात सोडत असतात.

सीरमची गरज मात्र ईगल यांनाही टाळता आली नाही. वाढीचे घटक, पृष्ठभागाला चिकटण्यास मदत करणारी प्रथिने, लोह वाहणारे ट्रान्सफेरिन हे सारे त्यातून मिळते. १९७० च्या दशकात गॉर्डन सातो यांनी सीरमऐवजी इन्शुलिन, ट्रान्सफेरिन व इतर संप्रेरके देऊन काही पेशी वाढवून दाखवल्या. तरी आजही अनेक प्रयोगशाळा गायीच्या गर्भाचे सीरम वापरतात. त्याची प्रत्येक खेप निराळी असते आणि ते मिळवण्याची रीतही क्लेशकारक आहे, म्हणून पूर्णतः ज्ञात घटकांच्या माध्यमांवरील काम नेटाने पुढे जायला हवे.

प्रात्यक्षिकात एक काळजी घ्या. ग्लुटामिन द्रावणात आपोआप विघटित होते आणि त्यातून पेशींना घातक असा अमोनिया सुटतो. म्हणून ते गोठवून वेगळे ठेवतात व वापराच्या सुमारास माध्यमात मिसळतात. तुमच्या बाटलीत ते आधीच मिसळलेले असेल, तर तारीख पाहून घ्या.