आधी ज्वारी घे

लेकरा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू बोलून गेलास की किराण्याला आठवड्याचे 500 रुपयेच उरतात आणि गुरुवारनंतर चहा-पावावर निभावतोस. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरेना.

माझी आई विड्या वळायची. आठवड्याचा पगार हातात पडला की आधी ज्वारी, मग बाकीचं. तुझं उलटं चाललंय. रोज दहा रुपयांची डाळ, तेलाची छोटी पुडी, वर वडापाव. पुडीतलं सगळं महाग पडतं. दर आठवड्याला सगळंच थोडं थोडं आणू नकोस. एका आठवड्याला पाच किलो ज्वारी आण, पुढच्याला डाळ, कडधान्य आणि तेल. किलोच्या बाराएक भाकऱ्या होतात, म्हणजे पाच किलोत तुझे दोन आठवडे निघतात. मंगळवेढ्याची मालदांडी चवीला सरस, पण भाव चढा; तुला साधी ज्वारी चालेल.

दळण मात्र दोन-दोन किलोंचंच टाक. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि थापताना भाकरी कडेनं चिरते. चिरायला लागलीच तर कढत पाण्यात पीठ मळ, धरून राहील. सुरुवातीला तुटेल, तुटू दे. आमटीत कुस्करून खायला तुटकी भाकरीही तितकीच चांगली. उरलेली मंद तव्यावर दाबून कडक कर, सकाळच्या घाईला उपयोगी पडते.

आता शेंगाचटणी. ही विकत आणू नकोस. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर भाज, साल डागाळून सुटायला लागेपर्यंत. मग लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, जिरं, मीठ आणि लाल तिखट घालून कुटायचं. आधी कोरडा भुगा होतो, तिथं हात थांबवू नकोस. कुटत राहिलास की भुगा ओलसर होतो, गोळा धरतो आणि बोटाला तेल लागतं. तेव्हा झाली. कोरड्या बरणीत आठवडाभर आरामात टिकते. भाजीला पैसे नसतील त्या दिवशी भाकरी, चटणी, कांदा, एवढ्यावर पोट भरतं.

पण रोज तेवढ्यावरच राहू नकोस. ज्वारीत जे प्रथिन कमी पडतं ते डाळी-कडधान्यांत असतं, म्हणून दिवसातून एकदा तरी आमटी किंवा उसळ हवीच. हुलगे, म्हणजे कुळीथ, घे. स्वस्त असतात आणि अंगाला लागतात. रात्री भिजत घाल, सकाळी फडक्यात बांधून ठेव. मोड आले की मूठभर हुलग्यांची वाटीभर उसळ होते.

पालेभाजी मंगळवार बाजारातून, पण दिवस मावळताना. विकणाऱ्यांना घरी जायचं असतं, तेव्हा मेथी, अंबाडी, चाकवत कमी भावात मिळतं. आपल्या उन्हात पाला दुसऱ्या दिवशी माना टाकतो, म्हणून एकच जुडी घे आणि त्याच रात्री कर. एप्रिल-मेमध्ये तर पाल्याच्या नादाला न लागता मोडांवर भर दे.

आणखी एक, हे लाजून सोडू नकोस. तुमचं रेशनकार्ड प्राधान्य गटातलं असेल तर माणशी महिन्याला 5 किलो धान्य मोफत मिळतं. आधार जोडलेलं असेल तर तुझ्या वाट्याचं धान्य सोलापुरातल्या रेशन दुकानात अंगठा लावून उचलता येतं. घरी फोन करून कार्डाचा नंबर आजच मागून घे.

तेल वाचवायला म्हणून फोडणी बंद करू नकोस, आणि रात्रीचं जेवण टाळून पैसे साठवू नकोस. अंग मोडून काम करणारा मुलगा आहेस तू.

रविवारी माझ्याकडे ये. माझा जुना खलबत्ता तुझ्यासाठी घासून ठेवलाय, आणि सोबत किलोभर हुलगे बांधून देते.

तुझी,
मावशी