सईला तारण कसं सांगशील

प्रिय रूथ,

जय ख्रिस्त. तुझी रूममेट सई देव मानत नाही. तिने तुला सरळच विचारलं, "मी कुणाचं वाकडं केलेलं नाही, मग तुझा येशू मला कशापासून तारणार? आणि मराठी असून तुम्ही धर्म का बदलला?" नगरला आजी अशा प्रश्नांना काय उत्तर द्यायची, हे तुला माझ्याकडून हवंय. आजी पंडिता रमाबाईंपासून सुरुवात करायची. मीही तिथूनच करते.

रमाबाईंची संस्कृत विद्या पाहून कोलकात्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये त्यांना गौरवलं होतं. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला आल्या. तुमच्या लंडनमध्येच, फुलहॅमला, सिस्टरांचा एक आश्रम होता. लोकांनी 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे आसरा मिळे. अशा बायकांना कुणी मायेने जवळ घेतं, हे रमाबाईंना नवं होतं. त्यामागचं कारण त्यांनी विचारलं तेव्हा एका सिस्टरने बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवर एकटी आलेली शोमरोनी बाई, यहूदी ज्यांचा विटाळ मानत त्या लोकांतली, आणि तिच्याकडे पाणी मागणारा यहूदी येशू. त्याच वर्षी इंग्लंडमधल्याच वाँटेजला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

आपल्या पणजोबांना गावच्या विहिरीला हात लावू देत नसत. ही गोष्ट त्यांना कुणी समजावून सांगावी लागली नाही. सईच्या दुसऱ्या प्रश्नाचं, निदान आपल्या घरापुरतं, एवढंच उत्तर आहे.

पहिला प्रश्न अवघड आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला उमगलं, असं रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय, की ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळालाच नाही. तोवर त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं होतं. एवढ्या विद्वान, एवढ्या सेवाभावी बाईलाही स्वतःसाठी क्षमा हवीशी वाटली. मला त्यांच्या चरित्रातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं.

पाप म्हणजे चोरी आणि खून एवढंच असतं तर सईचं म्हणणं मी मान्य केलं असतं. पण ज्याला आपण वाईट म्हणतो तेच आपल्या हातून घडतं. मनात कुणाचा तरी दुस्वास घर करून बसतो आणि चार चांगली कामं केली तरी तो जात नाही. चांगलं करावंसं वाटतं ते मी करत नाही, ही कळ प्रेषित पौलासारख्या माणसाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात बोलून दाखवली आहे. सईला पापी म्हणू नकोस. तुझ्या मनातलं तेवढं सांग.

मग ती विचारेल, देवाने नुसतं माफ करावं, वधस्तंभ कशाला? कुणी तुझं पाच लाखांचं कर्ज सोडून दिलं, तरी ते पैसे कुणाच्या तरी खिशातून जातातच. क्षमा करणाऱ्याला नुकसान सोसावं लागतं. आपलं जे देणं होतं ते येशूने वधस्तंभावर स्वतःवर घेतलं, असा आपला विश्वास आहे. तारण पुण्याईने मिळत नाही, कृपेने मिळतं. आपण फक्त हात पुढे करायचा. चांगली कामं त्यानंतर येतात. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली वाचवून आणल्या, त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती हे आश्रयस्थान उभं राहिलं, ते याच ओढीने.

आणि हो, येशू मेलेल्यांतून उठला नसेल तर आपला विश्वास फोल आहे, हेही पौलानेच म्हटलंय. ते सईपासून लपवू नकोस. तिला ते पटणार नाही कदाचित. तिने तपासून बघावं.

नरकाची भीती मात्र घालू नकोस, मला ते अजिबात आवडत नाही. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. टिळक ख्रिस्ती झाल्यावर त्या त्यांच्यापासून वेगळ्या राहत होत्या, आणि परत आल्यावरही लक्ष्मीबाई काही काळ आपलं सोवळं पाळून होत्या. त्यांचं मन त्यांच्या वेळेने वळलं. सईचं वळेल किंवा वळणार नाही, तू तिची मैत्रीण राहा. तिने विचारलं तर योहानाचा चौथा अध्याय दोघी मिळून वाचा, मराठीतच.

तुझी,
आई