बर्बनची पहिली आंधळी चाचणी

बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणारी अमेरिकी व्हिस्की, बाटलीचे नाव न पाहता चाखून तिला गुण द्यायचे आणि त्यावर लिहायचे असेल, तर पहिल्याच बैठकीला सहा बाटल्या मांडू नयेत; जीभ लवकर बधिर होते, म्हणून तीन पेले, प्रत्येकी १५ मिलिलिटर, पुरेत.

अल्कोहोलचे प्रमाण सारखे असलेल्या बाटल्या निवडाव्यात. मेकर्स मार्क आणि बफेलो ट्रेस या दोन्ही ४५ टक्क्यांच्या, मात्र पहिलीत मक्याच्या जोडीला राय या धान्याऐवजी गहू असतो, त्यामुळे जाणवणारा फरक बराचसा धान्याचा असतो. शेजारी ५०.५ टक्क्यांची वाइल्ड टर्की १०१ ठेवली, तर झणझणीतपणा रायचा की अल्कोहोलचा, हे नवख्याला उमगत नाही. तिसऱ्या पेल्यात मेकर्स मार्क आणि बफेलो ट्रेस यांपैकीच एक पुन्हा ओतायला सांगावी. एकाच बाटलीतले दोन पेले ओळखता आले नाहीत, तर गुण देण्याची घाई नको. ओतणारी व्यक्ती अर्थातच दुसरी असावी आणि खुणेची चिठ्ठी पेल्याच्या बुडाला चिकटवावी.

नेहमीच्या चुका अशा:

- नाक पेल्यात खुपसून जोरात हुंगणे. पेला हनुवटीपाशी धरून, ओठ किंचित उघडे ठेवून हळू वास घ्यावा.
- पहिल्याच घोटावरून मत बनवणे. तो केवळ तोंड सरावण्यासाठी असतो.
- ‘व्हॅनिला, कॅरॅमल’ एवढेच लिहून थांबणे. आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपात मुरवण्याचा नियम असल्याने हे स्वाद बहुतेक प्रत्येक बर्बनमध्ये सापडतात; वाचकाला हवा असतो तो दोन पेल्यांमधला फरक.

पाणी घालून चाखणे सध्या राहू द्यावे. गुण मात्र चिठ्ठी पाहण्याआधी शाईने लिहावेत आणि नाव कळल्यावर खोडू नयेत.